फुली आणि ठिपका: आकृतीतील चुंबकीय क्षेत्राची दिशा कशी वाचावी

आपले प्रश्न तीन आहेत. उभ्या सरळ तारेतून विद्युतधारा वर जात असल्याच्या आकृतीत तारेच्या उजवीकडे फुल्या आणि डावीकडे ठिपके का काढतात, फुली असेल तेथे क्षेत्र नसते असे समजायचे का, आणि उजव्या बाजूने तारेला समांतर वर जाणारा इलेक्ट्रॉन तारेकडे ओढला जाण्याऐवजी दूर कसा ढकलला जातो. बारावीच्या वर्गात मला दरवर्षी हेच प्रश्न विचारले जातात, आणि तिन्हींचे मूळ एकच आहे: आपण कागदावरचे चित्र सपाट समजून वाचतो, प्रत्यक्षात ते अवकाशात पसरलेल्या क्षेत्राचा केवळ एक काप असते.

प्रथम फुलीविषयी. उत्तरपत्रिकेतील चुकीच्या उत्तरावर फुली पाहण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते, त्यामुळे फुली म्हणजे ‘नाही’ असा अर्थ मनात पटकन येतो. येथे तो सोडून द्यावा लागतो. चुंबकीय क्षेत्राची दिशा बाणाने दाखवतात आणि तो बाण कागदाच्या प्रतलात असेल तोवर काही अडचण नसते. बाण कागदाला लंब असेल, तर मात्र तो लांबीने काढता येत नाही. तो आपल्याकडे येत असेल तर त्याचे टोक तेवढे दिसते, म्हणून ठिपका; आपल्यापासून दूर, कागदाच्या आत जात असेल तर मागची पिसे दिसतात, म्हणून फुली. मी वर्गात नेहमी एक शिसपेन्सिल नेतो, जिच्या मागच्या सपाट टोकावर पेनाने दोन आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या असतात. टोक डोळ्यांसमोर धरले की काळा ठिपका दिसतो, पेन्सिल फिरवली की फुली दिसते. आपणही ही पेन्सिल तयार करून आकृतीतील प्रत्येक खुणेवर त्या त्या दिशेने उभी धरून पाहावी. पाठ केलेल्या नियमापेक्षा हे अधिक काळ लक्षात राहते.

आता तारेकडे वळू. उजव्या हाताचा अंगठा विद्युतधारेच्या दिशेने, म्हणजे वर ठेवून तार मुठीत धरल्याची कल्पना करा. बोटे तारेच्या उजव्या बाजूने कागदात शिरतात आणि मागून वळून डाव्या बाजूने बाहेर, आपल्याकडे येतात. म्हणजे उजवीकडची फुली आणि डावीकडचा ठिपका ही दोन वेगळी क्षेत्रे नव्हेत. तारेभोवती वळसा घालणाऱ्या एकाच वर्तुळाकार बलरेषेला कागदाने दोन ठिकाणी छेदले आहे, आणि त्या छेदांची नोंद म्हणजे या दोन खुणा. आकृतीत बलरेषा दिसत नाही याचे कारण ती कागदाच्या पुढे आणि मागे आहे.

क्षेत्राची दिशा म्हणजे नेमके काय, हेही स्पष्ट हवे. एखाद्या बिंदूवर ठेवलेल्या चुंबकसूचीचा उत्तर ध्रुव जिकडे वळतो, ती त्या बिंदूवरील क्षेत्राची दिशा. 1820 साली डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी तारेजवळ ठेवलेली सूची विद्युतधारा सुरू करताच वळते हे दाखवले. आपणही तार दक्षिण-उत्तर ताणून तिच्याखाली होकायंत्र ठेवले आणि धारा उत्तरेकडे वाहू दिली, तर सूचीचे उत्तर टोक पश्चिमेकडे वळलेले दिसेल. तेच होकायंत्र तारेच्या वर धरले तर ते पूर्वेकडे वळेल. तारेत 5 अँपिअर धारा असेल, तर 2 सेंटिमीटर अंतरावर तिचे क्षेत्र 50 मायक्रोटेस्ला येते, म्हणजे महाराष्ट्रातील पृथ्वीच्या क्षेत्राच्या तोडीचे, त्यामुळे सूचीचे वळणे स्पष्ट दिसते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. एका प्रयोगशाळेत होकायंत्रे पट्टीचुंबकांसोबत एकाच खोक्यात वर्षभर पडून राहिली होती आणि त्यातील दोघांचे ध्रुव उलटले होते. त्या गटातील मुलांचे सगळे ठिपके आणि फुल्या उलट आल्या आणि मुले बिचारी स्वतःचा नियमच चुकला असे समजून बसली. धारा बंद असताना सूची खरोखर उत्तरेकडे वळते ना, हे आधी पाहावे.

फुलीचा आकार किंवा ती असणे हे क्षेत्राची तीव्रता सांगत नाही. खुणा किती दाट आहेत, यावरून ती कळते. सरळ तारेपासून अंतर दुप्पट केले की क्षेत्र निम्मे होते, म्हणून तारेजवळ खुणा दाट आणि दूर विरळ असायला हव्यात. अनेक पुस्तकांत त्या सगळीकडे सारख्या अंतरावर छापलेल्या असतात, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांचा गोंधळ त्याने वाढतो, कारण सारख्या अंतरावरच्या खुणा एकसमान क्षेत्रासाठी राखून ठेवायला हव्यात. शिवाय दोन खुणांच्या मधल्या मोकळ्या जागेतही क्षेत्र असतेच.

वर्तुळातला ठिपका किंवा फुली दिसली की ती कशाची आहे, हे शेजारच्या अक्षरावरून तपासा. ‘बी’ लिहिले असेल तर ते क्षेत्र. ‘आय’ लिहिले असेल तर ती तारेचा आडवा छेद आणि त्यातील धारा दाखवते. धारा आपल्याकडे येत असेल तर तिच्याभोवतीचे क्षेत्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते.

आता इलेक्ट्रॉन. तारेच्या उजवीकडे क्षेत्र कागदाच्या आत आहे. इलेक्ट्रॉन वर जात आहे, पण त्याचा प्रभार ऋण असल्यामुळे त्याच्या गतीशी जोडलेली विद्युतधारा खाली मानावी लागते, आणि बहुधा आपण येथेच चुकला असाल. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमानुसार तर्जनी क्षेत्राच्या दिशेने कागदात आणि मधले बोट धारेच्या दिशेने खाली ठेवा. बलाची दिशा दाखवणारा अंगठा उजवीकडे, म्हणजे तारेपासून दूर जातो. उत्तर पडताळून पाहायचे असेल तर दुसरा मार्गही आहे. इलेक्ट्रॉनची ही धारा खाली आणि तारेतील धारा वर आहे, आणि विरुद्ध दिशांच्या समांतर धारांमध्ये प्रतिकर्षण होते. त्याच जागी वर जाणारा प्रोटॉन घेतला, तर मात्र तो तारेकडे ओढला जाईल.