महिना झाला, काटा हललाच नाही

"मॅडम, महिना झाला की. काटा जागचा हलंना. मला हे लागू पडत नाही बघा."

अनावर खाण्यावरच्या उपचाराच्या चौथ्या आठवड्याला कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत येऊन बसताच त्यांनी हे सुनावलं. फुलेवाडीच्या, पस्तिशीतल्या गृहिणी. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) रात्री सगळी झोपली की ओट्यापाशी उभ्यानंच भडंगाची पिशवी, मग गूळ-शेंगदाणे, मग उरलेल्या चपात्या. पोट दुखेपर्यंत. नंतर डबे जसेच्या तसे लावून ठेवायचे, कुणाला कळू नये म्हणून. उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या असलं काही नाही. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने असं अनावर खाणं चाललं, तर बिंज इटिंग डिसऑर्डरचा विचार करावा लागतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ साली त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. तोवर 'जिभेवर ताबा नाही' एवढंच ऐकून घ्यावं लागायचं. घरात अजूनही तेच ऐकावं लागतं म्हणा.

वजनावर मी वाद घातला नाही. वही मागितली. काय खाल्लं, किती वाजता, मनात काय होतं, आणि ताबा सुटला तिथं फुली. पहिल्या आठवड्यात सहा फुल्या, चौथ्यात दोन. म्हणजे ६७ टक्के घट. चौथ्या आठवड्यापर्यंत ६५ टक्क्यांच्या पुढं घट झाली, तर बऱ्याच अभ्यासांत त्याला लवकर प्रतिसाद म्हणतात. अशांना पुढंही उपचाराचा जास्त फायदा झालेला दिसतो. हा हिशेब फुल्यांचा, किलोंचा नाही. या उपचारात वजन फारसं उतरेलच असं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते कुणाच्याच कानात शिरत नाही.

फुल्या कमी झाल्या त्या निग्रहानं नव्हे. आधी सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी भाकरी, सोमवार-गुरुवार उपवास. सगळी रात्रीची भरपाई. दिवसभर मारलेली भूक रात्री व्याजासकट वसूल करायची. म्हणून तीन वेळा जेवण, मधे दोनदा थोडं खाणं, तीन-चार तासांवर अंतर नाही, असं ठरवलं. "एवढं खाल्लं तर फुगीन की!" म्हणून पहिला आठवडा माझ्याशी भांडण्यातच गेला.

सगळ्यांचं असं होत नाही. एका कॉलेजच्या पोरीच्या फुल्या चौथ्या आठवड्यातही तेवढ्याच होत्या. तेव्हा 'धीर धर' म्हणून भागत नाही. वही पुन्हा चाळली, तर दुपारचा डबा रोज तसाच परत येत होता. शिवाय मन फार खचलेलं दिसलं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. उशिरा का होईना, सावरली.

या बाईंनी वही ओढून फुल्या स्वतः मोजल्या. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "रविवारी जावेकडं तांबड्या-पांढऱ्यावर चार भाकरी झाल्या. तिथं मारायची का फुली?"

"थांबता येत नव्हतं?"

"येत होतं की. रस्साच झकास झालता."

नको म्हटलं फुली.