"सर्टिफिकेट काढलं तर पोरावर शिक्का बसेल का हो मॅडम?"

एलडीच्या, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीच्या (शिकण्यातल्या अडचणीच्या) सर्टिफिकेटचा हा प्रश्न मला इतक्या आयांनी विचारलाय की आता त्या खुर्चीत बसायच्या आधीच कळतं काय येणारे ते. पहिली घटक चाचणी झाली की असे फोन वाढतात. शाळेने असेसमेंट करायला सांगितलेलं असतं, रिपोर्टमध्ये एलडी आलेलं असतं आणि त्याच्यासोबत डिस्लेक्सिया (वाचायची अडचण), डिसग्राफिया (लिहायची अडचण), रेमेडियल, आयईपी, कन्सेशन, रायटर (मूल सांगेल ते पेपरात लिहून देणारा लेखनिक) असे सगळे शब्द एकदम अंगावर येतात. कोणी शांतपणे बसून सांगितलेलं नसतं, मग सगळ्याचा मिळून घरात एकच अर्थ निघतो, पोरगं हातचं गेलं.

सिंहगड रोडचं एक कुटुंब आलं होतं, नाव आणि तपशील बदलून सांगते. ओम सातवीत, बाबा चाकणला कंपनीत शिफ्ट ड्युटीवर, घरात आजी. आईने रिपोर्टची फाईल पिशवीतून काढलीच नाही, मांडीवर धरून बसल्या. "उद्या नोकरीत, लग्नात कोणी विचारलं तर?" बाबा म्हणाले, "आळशीये तो, बाकी काही नाही. क्रिकेटचे सगळे स्कोअर पाठ आहेत त्याला."

मी म्हटलं, "मग डोकं चालतंय हे तुम्हीच सांगताय की." रिपोर्टमध्ये तेच होतं. बुद्ध्यांक साधारण किंवा वर आणि तरी वाचन, लेखन नाहीतर गणित मागे, तेव्हाच आपल्याकडे एलडी म्हणतात. पण हे ऐकून कुणाला पटत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणून त्यांना घरी एक काम दिलं. इतिहासाचा जुना पेपर घ्या, अर्धा ओमने स्वतः लिहायचा, अर्धा त्याने सांगायचा आणि आईने लिहायचा. सुचवायचं नाही, सुधारायचं नाही, बोलेल तेच उतरवायचं.

पुढच्या भेटीला आईने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. ओमच्या कागदावर चार ओळी, वेलांट्या गायब, जोडाक्षरं फुटलेली, दोन वाक्यं अर्धीच. आईच्या कागदावर दीड पान. पुरंदरचा तह, मिर्झाराजे जयसिंग, १६६५, २३ किल्ले द्यावे लागले, त्यात आपला सिंहगड पण होता आणि तो परत कसा घेतला ते. "मी मधेच थांबून बघितलं हो, म्हटलं पुस्तक उघडं आहे का याच्याजवळ. नव्हतं."

बाबांनी दोन्ही कागद हातात घेतले आणि बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "म्हणजे पेपर तपासणाऱ्याला यातलं काहीच पोचत नाही?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. तोपर्यंत घरात सगळे 'ओमला काय झालंय' एवढंच विचारत होते, आता पहिल्यांदा 'मधे काय अडतंय' हे विचारलं गेलं. मी मुलाला एकट्याला घेऊन काम करत नाही, अख्ख्या घराला समोर बसवते, ते याचसाठी. घराची बघायची नजर बदलली की मुलाचे खांदे आपोआप सैल होतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

आता मुद्द्याचं. भीती वाटते कारण वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात, तर त्या सोडवून बघा. रेमेडियल म्हणजे स्पेशल एज्युकेटरने वाचायला-लिहायला वेगळ्या पद्धतीने शिकवणं, त्याला सरकारी सर्टिफिकेट लागत नाही, आजपासून सुरू करा, फक्त शिकवणाऱ्यांचं आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का बघा. आयईपी म्हणजे तुमच्या एकट्या मुलासाठी पुढच्या काही महिन्यांचा आराखडा. त्यात 'अभ्यासात सुधारणा' असलं मोघम चालवून घेऊ नका, 'दिवाळीपर्यंत जोडाक्षरं असलेला परिच्छेद वाचेल' असं लिहून घ्या. आणि कन्सेशन म्हणजे परीक्षेतली सोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात एलडी आहे आणि जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे त्याच कायद्यात लिहिलंय, म्हणजे शाळा उपकार करत नाही. जादा वेळ तासाला २० मिनिटं, तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. सर्टिफिकेट लागतं ते या सोयींसाठी, तिथे खाजगी रिपोर्ट पुरत नाही, सरकारी हॉस्पिटलचंच लागतं, पुण्यात लोक ससूनला जातात. तो कागद तुमच्या कपाटात राहतो, कुठे दाखवायचा ते तुम्ही ठरवायचं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, कन्सेशन मिळालं म्हणून रेमेडियल बंद करू नका. बरेच पालक नेमकं हेच करतात. सोयीमुळे मार्क मिळतील, पण बसची पाटी आणि नोकरीचा फॉर्म त्याला स्वतःच वाचायचाय.

आणि हे सगळं ठरवताना ओमला कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं तर पटकन म्हणाला, "रायटर नको. मला वेळ द्या, मी लिहितो." तो सातवीत आहे, म्हणून शाळेशी बोलून आत्ता फक्त जादा वेळ आणि इतिहासाला थोडी तोंडी परीक्षा असं ठरवलं, रायटरचं नववीत परत बघू. तेव्हा आई लेखनिक म्हणून चालणार नाही, साधारण खालच्या इयत्तेतलं मूल लागतं आणि त्याला सांगून लिहून घ्यायची सवय करावी लागते, ती एका महिन्यात होत नाही. तुमचं मूल आठवी-नववीत असेल तर सर्टिफिकेटचं काम दहावीवर ढकलू नका, बोर्डाकडे प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, त्यामुळे याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटून त्यांना कुठले कागद लागतात त्याची यादी घ्या.