लीडरच्या खुर्चीवर बसायचंय ना, मग हे वाच

तुझा मेसेज वाचला. "सोलोइस्ट नाहीच झालो तर लीडर होईन" हे मात्र खटकलं. ऑर्केस्ट्राचा लीडर म्हणजे पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख, ते काम म्हणजे काय हुकलं तर घ्यायची दुसरी सीट नाहीये रे, ते वेगळंच काम आहे. फर्डिनांड डाव्हिड 1836 पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचा लीडर होता, संगीतकार मेंडेल्सोनने व्हायोलिन कॉन्चेर्टो (सोलोइस्ट आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) लिहिताना काही वर्षं त्याचाच सल्ला घेतला आणि 1845 ला पहिल्यांदा तो वाजवला पण डाव्हिडनेच.

लोकांना दिसतं काय, तर ओबो या फुंकवाद्याच्या ए सुरावर ट्यूनिंग करून घेणं, कंडक्टरशी हात मिळवणं, टाळ्या. खरं काम त्याच्या कितीतरी आधी पेन्सिल घेऊन झालेलं असतं. गज कुठे वर, कुठे खाली, लांब सूर एका गजात काढायचा की तोडायचा हे पहिल्या व्हायोलिनसाठी तू ठरवायचं, मग बाकी तारवाद्यांचे प्रमुख ते बघून आपापलं जुळवतात. आणि घरी एकट्याला झकास वाटलेलं बोइंग, म्हणजे गजाची ही आखणी, अख्ख्या सेक्शनला जमेलच असं नाही. त्यात रिहर्सलला कंडक्टरने टेम्पो जरा ओढला की लांब गज पुरतच नाही, मग तिथल्या तिथे बदलायचं, मागे वळून दाखवायचं, ते डेस्कमागून डेस्क (एका डेस्कवर दोघं) मागे जातं, आणि हे सगळं वाद न घालता.

म्हणून आधी मागच्या डेस्कवर बस, कमीपणा वाटून घेऊ नको. आवाजाला 10 मीटर जायला साधारण 3 शतांश सेकंद लागतात, मागचा माणूस नुसत्या कानावर राहिला तर उशीरच होणार, तो तुझा गज आणि खांदा बघून वाजवतो. तुझा गज मागून वाचता येतो का, हे मागे बसल्याशिवाय कळत नाही. क्वार्टेटमध्येही (चार तारवाद्यांचा गट) वाजव, शक्यतो सेकंड व्हायोलिन.

ऑडिशनला बहुतेक ठिकाणी मोझार्टचा चौथा नाहीतर पाचवा कॉन्चेर्टो, स्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चं पहिलं पान, वर लीडरचे सोलो. त्यातले 'शेहेराजादे'मधले सगळेच घोटतात. पण परीक्षकांना तू दिसू नयेस म्हणून लावलेल्या पडद्यामागून सूर कळतो, लोक तुझ्यामागे येतील का ते नाही कळत, त्यासाठीच पुढे ऑर्केस्ट्रासोबत ट्रायल असते.

आणि हो, 1986 ला अमेरिकेत टँगलवुडला 14 वर्षांच्या सोलोइस्ट मिदोरीची ई तार तुटली, तिने लीडरचं व्हायोलिन घेतलं, त्याचीही तुटली, मग शेजारच्याचं घेतलं, समोर कंडक्टर बर्नस्टाईन. कौतुक तिचं झालं, व्हायलाच हवं, पण स्वतःचं वाद्य चालू कार्यक्रमात क्षणात काढून देणारा लीडर मला जास्त आवडतो.

आता एक कर, ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट घे, शेवटी ओबो आणि हॉर्नसोबत सोलो आहे तीच. सोलो नंतर बघू, आधी अख्ख्या सेक्शनचं बोइंग लावून पाठव, आणि जिथे दोन पर्याय वाटतील तिथे दोन्ही लिही.