जळालेली मोटर आणि 8 मेची तारीख

दिग्रस तालुक्यातल्या एका भाऊंचं चार पानी पत्र 17 एप्रिलला हातात पडलं. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी घरच्या बोअरसाठी दीड एचपीची सबमर्सिबल मोटर घेतली, वॉरंटी बारा महिन्यांची. आठ महिन्यांत ती बंद पडली. कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली, दुकानदाराला रोज फोन केले, तरी अकरा दिवस कोणी फिरकलं नाही. शेवटी भाऊ आणि त्यांच्या दोन पुतण्यांनी पाइप-दोर ओढून मोटर स्वतःच वर काढली आणि तालुक्याच्या रिवाइंडिंगवाल्याकडे उघडून पाहिली. वायंडिंग काळं पडलेलं होतं. मग नवी मोटर विकत आणून तीही स्वतःच सोडली. आता कंपनी म्हणते, ‘अनधिकृत व्यक्तीने उघडली, वॉरंटी रद्द.’ भाऊ विचारतात, ‘उघडली हा माझा गुन्हा झाला का?’

अशी पत्रं दर उन्हाळ्यात येतात. वॉरंटी म्हणजे काय, ग्राहक कोण, हे पुन्हा सांगत बसत नाही. घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेली मोटर आहे, तुम्ही ग्राहक आहात, त्यात वाद नाही.

भाऊ, तुमच्या पत्राची साडेतीन पानं त्या ‘अनधिकृत व्यक्ती’च्या अटीवर खर्च झाली आहेत. ज्या ओळीवर सगळं ठरणार आहे ती तुम्ही शेवटच्या पानाच्या पाठीमागे, जाता जाता लिहिली: ‘अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मोटर बंद पडली, पितरांची घागर भरायला शेजारच्या विहिरीवरून पाणी आणलं.’ मी कॅलेंडर काढून पाहिलं. 2024 ची अक्षय्य तृतीया 10 मेची. म्हणजे मोटर बंद पडली 9 मे 2024 ला.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल झाली पाहिजे. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, 9 मे शनिवारी येतो, तोही दुसरा शनिवार. सुट्टीच्या दिवशी मुदत संपली तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येतं, पण त्या सवलतीवर मी माझ्या कोणत्याही पक्षकाराला टांगत नाही. तुमच्यासाठी शेवटचा दिवस शुक्रवार, 8 मे. पत्र वाचलं त्याच दिवशी फोन करून एवढं सांगितलं होतं, बाकीचं इथे लिहितो.

तुम्ही म्हणाल, कंपनीने नकार दिला तो 4 जून 2024 च्या व्हॉट्सॲपवर, तिथून मोजा. किंवा दुकानदाराने फेब्रुवारी 2025 मध्ये ‘साहेबांशी बोलतो’ असं लिहिलं, तिथून मोजा. नकाराच्या तारखेपासून मुदत धरावी असा युक्तिवाद करता येईल, आणि तो मान्यही होऊ शकतो. पण समोरचा वकील 9 मे हीच तारीख पुढे करणार, आणि पहिल्याच तारखेला तुम्ही मोटरऐवजी कॅलेंडरवर भांडत बसाल. दुकानदाराच्या गोड मेसेजवर तर अजिबात विसंबू नका. फोन, मेसेज, स्मरणपत्रं यांनी मुदत वाढत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तुम्ही दोनदा तक्रार केलीत, चांगलं केलंत, पण त्यानेही मुदतीचं घड्याळ थांबत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, त्यासाठी वेगळा अर्ज आणि सबळ कारण लागतं. ‘दुकानदार आज-उद्या म्हणत होता’ हे कारण घेऊन आलेली माणसं मी हात हलवत परत जाताना पाहिली आहेत.

राग येतो तो याचाच. घरात पाणी नाही म्हटल्यावर तुम्ही अकरा दिवसांत मोटर काढून नवी सोडलीत, आणि कागद मात्र तेवीस महिने कपाटात ठेवलात!

आता त्या अटीबद्दल. मोटर उघडली म्हणून दावा संपला, असं मी म्हणणार नाही; जिंकालच, असंही म्हणणार नाही. तुमच्या बाजूला क्रम आहे: आधी मोटर बंद पडली, मग तक्रार नोंदवली, मग अकरा दिवस गेले आणि त्यानंतर ती उघडली गेली. उघडल्यामुळे ती जळालेली नाही, जळाली म्हणून उघडली. तक्रार क्रमांकाचा जो एसएमएस तुमच्या फोनमध्ये आहे तो या क्रमाचा खुंटा आहे. फोन बदलू नका, विकू नका. एसएमएस आणि व्हॉट्सॲपचे प्रिंट काढा आणि सोबत अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. कंपनी बहुधा म्हणेल की व्होल्टेज कमी होतं, बोअर आटल्यावरही मोटर चालवली, गाळ आला. त्यावर आयोग मोटर तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याचं शुल्क तुम्हाला भरावं लागू शकतं. एकदा उघडलेल्या मोटरवरून तज्ज्ञाला किती सांगता येईल, हे ती मोटर कशी ठेवली आहे त्यावर राहील. तुम्ही ती रिवाइंड करून घेतली नाही आणि भंगारात दिली नाही, हे या सगळ्या प्रकरणातलं तुमचं सगळ्यात शहाणपणाचं काम.

बिलाचं मात्र वाईट झालं. टॅक्स वाचतो म्हणून तुम्ही कच्च्या चिठ्ठीवर मोटर आणली आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घेतला नाही. यूपीआयने पैसे दिलेत, त्यामुळे बँकेचा उतारा काढा. दिवस, रक्कम आणि दुकानदाराचं नाव त्यात आहे. पक्कं बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, ते तक्रारीत लिहा. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पक्ष, करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

‘ही अट एकतर्फी आहे, ती रद्द करा,’ अशी मागणी करू नका. करार अन्यायकारक ठरवण्याची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. तुमची मागणी साधी ठेवा: मोटर सदोष निघाली, वॉरंटीत सेवा दिली नाही, तिची किंमत व्याजासह द्या, त्रासाची भरपाई आणि खर्च द्या.

तुम्ही राहता तो जिल्हा यवतमाळ, म्हणून तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगातच करता येते. कंपनीच्या गावी जायचं काम नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकीलही लागत नाही, माझ्याकडे येण्यासाठी एसटीचे पैसे घालवू नका. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते.

निकाल कधी, हे विचारू नका. कायदा सांगतो, तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत. माझ्याकडची फ्रिजची एक तक्रार तिसऱ्या वर्षात आहे. त्या बाई दर तारखेला पहाटेची गाडी धरून येतात आणि पुढची तारीख घेऊन जातात. सामनेवाल्याला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठणकावून सांगितलं. तेवढं धरून ठेवा. पंचेचाळीस दिवस उलटले की त्यांचं उत्तर घेऊ नये असा अर्ज त्याच तारखेला द्या, पुढच्या तारखेवर ढकलू नका.

मोटर गोठ्यात पोत्यात आहे म्हणता. ती आज बाहेर काढा, पण धुऊ-पुसू नका. नंबरची पाटी, जळालेलं वायंडिंग आणि केबलचा जोड, तिघांचे जवळून फोटो घ्या. मग दोन पंचांसमोर पोतं शिवा, चिठ्ठीवर तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या, आणि ते गोठ्यातून उचलून घरात ठेवा.