रिस्ट्रिक्ट म्हणजे बंदी, मनाई, मुभा की निर्बंध?

प्रश्न असा आलाय की शेअर्ड युनिक्स सर्व्हरच्या (अनेकजण मिळून वापरतात अशा संगणकाच्या) सूचनांमधे इंग्रजी "रिस्ट्रिक्ट"साठी "वापरकर्त्यांचे लॉगिन प्रतिबंधित करणे" लिहिलं तर चालेल का, की "निर्बंधित" म्हणायचं.

मला दोन्ही पटत नाहीत. "प्रतिबंधित" म्हटलं की प्रतिबंधित संघटना, प्रतिबंधित क्षेत्र हे आठवतं, म्हणजे पूर्ण बंदी, आणि "रिस्ट्रिक्ट" या एका शब्दाखाली अ‍ॅडमिन (सर्व्हर सांभाळणारा) चार वेगळ्या गोष्टी करत असतो, त्यामुळे आधी नक्की काय केलंय ते बघा आणि मग शब्द निवडा.

एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकावरून सुरक्षितपणे लॉगिन करायच्या सोयीच्या) कॉन्फिगमधे, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधे, अलाउयुजर्सची ओळ टाकली की त्यात नावं असलेलेच आत येतात, बाकीचे आपोआप बाहेर. इथे "एवढ्यांनाच लॉगिनची मुभा" हे अगदी चपखल बसतं (मुभा हा अरबी मुबाहवरून आलेला सुंदर शब्द आहे, तो वापरातून जाऊ देऊ नका). उलट नावं नाकारणारी डिनायुजर्सची ओळ असेल तर "अमक्याला लॉगिनची मनाई". एकच नाव दोन्ही ओळींत असेल तर मनाईच चालते.

ईटीसी डिरेक्टरीत (सेटिंगच्या फाइली असतात त्या फोल्डरमधे) नोलॉगिन नावाची फाइल ठेवली तर रूट (सर्वाधिकार असलेलं मुख्य खातं) सोडून कोणालाच नव्याने लॉगिन करता येत नाही, आधीच आत असलेले मात्र आतच राहतात. हिला खुशाल "लॉगिनबंदी" म्हणा. दारूबंदी, संचारबंदी यांत ज्या गोष्टीला बंदी असते तीच आधी येते ना, मग इथेही लॉगिनच आधी यायला हवं, "युजरबंदी" केलं तर अर्थच बदलतो.

निर्बंध हा शब्द मी रिस्ट्रिक्टेड शेलसाठी राखून ठेवीन (शेल म्हणजे आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम, आणि हा त्याचा मोजक्याच गोष्टी करू देणारा प्रकार). आरबॅश हा असा शेल दिलेला युजर आत येतो, पण त्याला सीडी करता (दुसऱ्या फोल्डरमधे जाता) येत नाही, पाथ (आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) बदलता येत नाही, आउटपुट फाइलमधे वळवता येत नाही. आत आल्यावर हात बांधलेले, हाच निर्बंध. (संस्कृतात निर्बंध म्हणजे आग्रह, हट्ट, मराठीत तो अर्थ जवळजवळ गेलाच.)

आणि जिथे सगळ्यात जास्त गफलत होते ते म्हणजे "खातं लॉक केलं". लिनक्सवर पासवर्ड (passwd) कमांडने लॉक केलं की शॅडो फाइलमधल्या (जिथे पासवर्ड साठवतात) हॅशपुढे, म्हणजे पासवर्डच्या सांकेतिक रूपापुढे, उद्गारचिन्ह लागतं आणि पासवर्ड चालेनासा होतो, पण एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) असलेला माणूस बऱ्याच ठिकाणी तरीही आत येऊ शकतो, म्हणून "पासवर्डला कुलूप" लिहा, खात्याला नको, नाहीतर वाचणारा निर्धास्त होतो आणि दार उघडंच राहतं. खात्याची मुदतच संपवली असेल तर "खातं बंद केलं" म्हणा.

विभक्तीकडेही लक्ष द्या, मनाई आणि मुभा युजर"ला" असते, निर्बंध युजर"वर" असतात. तुमच्या त्या वाक्यात फक्त ठरावीक लोकांनाच प्रवेश द्यायचा असेल तर "खालील वापरकर्त्यांनाच लॉगिनची मुभा आहे" एवढं पुरे.