वाचकांचे प्रश्न : नळी बदलल्याशिवाय ताप का जात नाही?

प्रश्न : पक्षाघातानंतर माझ्या सासऱ्यांना लघवीची नळी बसवलेली आहे. त्यांना थंडी वाजून ताप येतो. लघवीच्या कल्चरच्या (जिवाणू वाढवून करायच्या तपासणीच्या) अहवालात ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे परिणामकारक ठरलेले अँटिबायोटिक पूर्ण मुदत दिले की तो उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा येतो. आता डॉक्टर आधी नळी बदलण्यास सांगत आहेत. जिवाणू औषधाला दाद देईनासे झाले आहेत का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून अहवाल चुकीचा असावा असे वाटत नाही. प्रयोगशाळेत औषधाची परीक्षा घेतली जाते ती जिवाणू सुटे असताना आणि जोमाने वाढत असताना. नळीच्या आतल्या व बाहेरच्या पृष्ठभागावर मात्र तेच जिवाणू चिकटून वस्ती करतात आणि स्वतःभोवती बहुशर्करा, प्रथिने व पेशींतून बाहेर पडलेला डीएनए यांचा बुळबुळीत थर उभारतात. याला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात. दातांवर साचणारा चिकट थर हे जैवपटलच आहे. मांडवीत उभ्या असलेल्या होड्यांच्या तळाला कालवे धरण्यापूर्वी जो गिळगिळीत थर बसतो, तोही याच प्रकारचा असून, दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अशा थरांवर संशोधन झालेले आहे.

या थरातील जिवाणूंना मारण्यासाठी सुट्या जिवाणूंच्या तुलनेत कित्येकदा दहापट ते हजारपट औषध लागते, आणि एवढी मात्रा रुग्णाला सुरक्षितपणे देता येत नाही. काही औषधे थरातील द्रव्यांनाच चिकटून आत पोहोचेपर्यंत क्षीण होतात. त्याहून महत्त्वाचे कारण असे की, थराच्या तळाशी अन्न व प्राणवायू कमी असल्यामुळे तेथील जिवाणू फार सावकाश वाढतात, तर पेनिसिलिनच्या कुळातील औषधे पेशीभित्तिका (पेशीभोवतीची भिंत) बांधण्याच्या कामात असलेल्या, म्हणजे वाढत्या जिवाणूंवरच परिणाम करतात. काही थोडे जिवाणू तर जवळजवळ निद्रिस्त असतात. पेनिसिलिन दिल्यानंतरही स्टॅफिलोकोकसचे मोजके जिवाणू जिवंत उरतात आणि त्यांची पुढची पिढी मात्र पेनिसिलिनला पूर्वीइतकीच बळी पडते, हे जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी 1944 मध्येच दाखवले होते. आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत असेच घडत असण्याचा बराच संभव आहे : औषधाने लघवीतले व रक्तातले सुटे जिवाणू मरतात, ताप उतरतो, आणि नळीवरची वस्ती शाबूत राहून पुन्हा जिवाणू सोडू लागते.

तेव्हा परतणारा प्रत्येक ताप खऱ्या, आनुवंशिक प्रतिरोधामुळे, म्हणजे जिवाणू औषधाला दाद देईनासे झाल्यामुळेच येतो असे नाही. तरीही प्रतिरोधाची आपली भीती निराधार नाही. थरात जिवाणू एकमेकांना खेटून असल्यामुळे प्रतिरोधाची जनुके वाहणारी प्लास्मिडे (डीएनएची छोटी सुटी वर्तुळे) एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यास तेथे चांगली संधी मिळते, आणि औषधाचे वारंवार होणारे अपुरे मारे अशाच जिवाणूंना निवडून पुढे आणतात. क्लेब्सिएला व ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूंचे कार्बापेनेम या प्रभावी अँटिबायोटिकांनाही न जुमानणारे प्रकार आज आपल्या देशातील अतिदक्षता विभागांत सर्रास आढळतात. त्यांच्यावर बऱ्याचदा शेवटचा उपाय म्हणून उरणारे कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मूत्रपिंडाला इजा करू शकते. हे औषध माणसांसाठी राखले जावे म्हणून भारताने 2019 मध्ये पशुखाद्यातील त्याच्या वापरावर बंदी घातली.

डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे आणि तो टाळू नये. दोन आठवड्यांहून जुनी नळी असेल, तर ती बदलून नव्या नळीतून घेतलेली लघवी कल्चरला पाठवणे अधिक बरोबर ठरते, कारण जुन्या नळीतून आलेल्या नमुन्यात नळीवरची वस्ती दिसते, मूत्राशयातली स्थिती नव्हे. नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जिवाणू येण्याचा धोका सुमारे 3 ते 7 टक्क्यांनी वाढतो. म्हणून नळीची गरज अजूनही आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. अंथरूण ओले होते एवढ्याच कारणासाठी ती ठेवलेली असेल, तर डायपर किंवा बाहेरून लावायची पिशवी यांचा विचार होऊ शकतो. नळी ठेवणे भागच असेल, तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, नळी व पिशवी यांचा सांधा विनाकारण उघडू नये, आणि हाताळण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तेच अँटिबायोटिक पुन्हा आणणे मात्र, कळकळीने सांगतो, कृपया थांबवावे.

प्रश्न : माझ्या आईलाही नळी आहे. अहवालात जिवाणू निघाले, तरी डॉक्टरांनी औषध दिले नाही. हे योग्य आहे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : त्यांना ताप, थंडी, ओटीपोटात वा कमरेत दुखणे, नव्याने आलेली गुंगी किंवा भ्रम यांपैकी काहीही नसेल, तर योग्यच आहे. महिनाभर नळी राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जिवाणू सापडतात. लक्षणांवाचून दिलेले औषध त्यांना कायमचे हटवत नाही. त्याने केवळ प्रतिरोधी जिवाणूंना जागा मोकळी होते. गरोदरपणात किंवा मूत्रमार्गाच्या रक्तस्राव होऊ शकणाऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी हा नियम बदलतो. वरीलपैकी एखादे लक्षण दिसल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.