सुरक्षामंत्री नव्हे, सल्लागार (आणि खरे तर अमात्य)

प्रश्न असा आला आहे : ‘अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नॅशनल सिक्युरिटी ॲडव्हायझरला मराठी बातम्यांत कुठे सुरक्षा सल्लागार म्हणतात, कुठे संरक्षण सल्लागार, तर कुठे चक्क सुरक्षामंत्री. बरोबर काय? आणि एनएसए म्हणतात तो हाच का?’

‘संरक्षण’ आधी निकालात काढू. डिफेन्स म्हणजे संरक्षण. ते खाते पोटोमॅक नदीपलीकडे पेंटॅगॉनमध्ये बसते आणि त्याला स्वतःचा मंत्री आहे. सिक्युरिटी म्हणजे सुरक्षा, पण इथे ती राष्ट्राची, राष्ट्राध्यक्षांच्या अंगाची नव्हे. ‘राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेले अधिकारी’ असे या गृहस्थांचे वर्णन मी बातम्यांत ऐकले आहे. ते काम सीक्रेट सर्व्हिसचे. सल्लागार कोणाच्या मागेपुढे पिस्तूल घेऊन धावत नाही.

‘सुरक्षामंत्री’ वाचले की मात्र पित्त खवळते. मंत्र्याला खाते असते, त्या खात्याचा पैसा असतो, आणि अमेरिकेत त्याच्या नेमणुकीला सिनेटची मान्यता लागते. या माणसाला यातले काही नाही. राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे, राष्ट्राध्यक्षांनीच घरी पाठवायचे. मायकेल फ्लिन २०१७ मध्ये महिनाभरही टिकले नाहीत. १९४७ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद निर्माण केली, तिला एक कार्यकारी सचिव दिला, पण सल्लागाराचा त्यात पत्ता नव्हता. आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये रॉबर्ट कटलर यांना नेमले तेव्हा हे पद उभे राहिले, आणि त्याच्या नावातही ‘ॲडव्हायझर’ नव्हते, ‘स्पेशल असिस्टंट’ होते. आजही कागदोपत्री तो राष्ट्राध्यक्षांचा सुरक्षाविषयक ‘असिस्टंट’च आहे, ‘ॲडव्हायझर’ हे व्यवहारात रुळलेले नाव. तेव्हा ‘राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार’ हेच लिहा. आपल्याकडे गोंधळ होतो तो ‘कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा’ या शब्दांमुळे. अजित डोवाल यांना २०१९ मध्ये तो मिळाला. दर्जा मिळाला म्हणून माणूस मंत्री होत नाही.

(‘सल्लागार’ हा शब्द परका म्हणून ज्यांना टोचतो त्यांच्यासाठी : ‘सल्ला’ अरबी, ‘गार’ फारसी, आणि ‘मसलत’ही ‘सल्ला’च्याच अरबी धातूतून निघालेली. म्हणजे सल्लामसलत ही घरातल्या घरात झालेली सोयरीक आहे. चालू द्या.)

आता मुद्द्याचे. गंमत अशी की व्युत्पत्ती पाहिली तर ‘मंत्री’ म्हणणाराच बरोबर ठरतो! मंत्र म्हणजे गुप्त विचारविनिमय, तो करणारा मंत्री. अमरकोशात ओळ आहे : ‘मन्त्री धीसचिवोऽमात्योऽन्ये कर्मसचिवास्ततः’. मंत्री, धीसचिव आणि अमात्य हे एकाच अर्थाचे शब्द, आणि त्यांच्याहून वेगळे ते कर्मसचिव. धी म्हणजे बुद्धी. राजाला बुद्धी पुरवणारा धीसचिव आणि कामे उरकणारा कर्मसचिव. अमेरिकेत मंत्र्याला ‘सेक्रेटरी’च म्हणतात, म्हणजे परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांचे सेक्रेटरी हे कर्मसचिव आणि सुरक्षा सल्लागार हा धीसचिव. इतकी चपखल विभागणी अमेरिकेच्या कायद्यालाही जमलेली नाही. पण ‘मंत्री’ शब्दाला आता लाल दिवा, बंगला आणि खाते असे काही चिकटले आहे की तो आपल्या हातून गेला. राहिला अमात्य, आणि माझा सगळा जीव त्याच्यात आहे.

‘अमा’ हे जुने वैदिक अव्यय. अर्थ : घरी, जवळ, सोबत. तुम्ही ते दर महिन्याला उच्चारता. चंद्र आणि सूर्य ज्या तिथीला एकत्र वस्तीला असतात ती अमावास्या. (अमावास्या की अमावस्या यावर शुद्धलेखनवाल्यांनी भांडू नये, पाणिनीने दोन्ही रूपे चालवली आहेत.) या ‘अमा’ला ‘त्य’ लागला. हा ‘त्य’ म्हणजे दाक्षिणात्य, पाश्चात्य यांतल्या ‘त्य’चाच भाऊबंद. दक्षिणेचा तो दाक्षिणात्य, तसा अमेचा, म्हणजे घरातला, जवळचा, तो अमात्य. हुद्दा, पगार, शिक्कामोर्तब हे नंतरचे. मुळात हा राजाच्या घरात वावरणारा माणूस.

आता वॉशिंग्टनमध्ये कोण कुठे बसते ते पाहा. परराष्ट्र खाते शहरातल्या फॉगी बॉटम या भागात. पेंटॅगॉन नदीपलीकडे. आणि सल्लागार? १९६१ मध्ये क्युबातली बे ऑफ पिग्जची मोहीम फसल्यावर केनेडींचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी शेजारच्या इमारतीतून थेट व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगच्या तळघरात आले, आणि तिथेच सिच्युएशन रूम, म्हणजे संकटकाळी माहिती गोळा होणारी खोली, उघडली. निक्सन यांच्या काळात हेन्री किसिंजर तळघरातून वर, राष्ट्राध्यक्षांच्या दालनापासून चार पावलांवर आले. त्या काळातले कागद पाहा : किसिंजर यांची टिपणी, खाली पर्याय, आणि तळाशी ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशा दोन रेघा. निक्सन यांनी एकीवर आद्याक्षर करायचे की झाले धोरण. पर्याय कोणते ठेवायचे, कोणत्या क्रमाने ठेवायचे, हे ठरवणाऱ्याच्या हातात काय होते ते सांगायला हवे का? जुलै १९७१ मध्ये पोट बिघडल्याचे सोंग करून किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना भेटून आले. परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांना आधी पत्ता लागू दिला नाही. रॉजर्स कर्मसचिव होते, पण ‘अमा’ नव्हते. सगळी गोम अंतरात आहे. म्हणून म्हणतो, या पदाला जगात एकच अचूक शब्द आहे आणि तो आपला आहे.

यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला : ‘अष्टप्रधानांत अमात्य म्हणजे हिशेब पाहणारा.’ खरे आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे दिली गेली तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला. त्या पंडितांविषयी मला आदर आहे, पण ही जोडी त्यांनी घाईत लावली असे माझे स्पष्ट मत. मुजुमदार शब्दात ‘जमा’ आहे, अमात्य शब्दात छदामही नाही. आणि ज्यांना अमात्य म्हणजे नुसता हिशेबनीस वाटतो त्यांनी सांगावे, राजाराम महाराज जिंजीत असताना रामचंद्रपंत अमात्यांनी इकडचा कारभार हाकला तो काय खतावण्या लिहून?

दुसरा आक्षेप कौटिल्यभक्तांचा. ते ‘अमात्याः सर्व एवैते कार्याः स्युर्न तु मन्त्रिणः’ हा श्लोकार्ध तोंडावर फेकतात : या सगळ्यांना अमात्य करावे, मंत्री करू नये. म्हणजे अमात्य खालचा, मंत्री वरचा. कौटिल्याचा अमात्य हा वरिष्ठ नोकरवर्ग, आजच्या आयएएससारखा, हे मला ठाऊक आहे. पण शब्दाच्या अर्थाचा वाद असेल तर मी कोशकाराकडे जाईन, राजकारण्याकडे नाही. राजकारणी शब्द वापरतात तेव्हा त्याचे काय होते हे आपण रोज पाहतो.

कौटिल्याचे एक मात्र डोक्यावर घेतो. मंत्र फोडणाऱ्यांच्या यादीत त्याने पोपट आणि साळुंक्याही घातल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये येमेनवरच्या हल्ल्यांची चर्चा सिग्नल ॲपवर चालू होती. सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी काढलेल्या त्या ग्रुपमध्ये एका मासिकाचे संपादकच येऊन बसले होते. मंत्र षट्कर्णी होणे म्हणतात ते हेच, फक्त इथे कानांची मोजदाद राहिली नाही.

धीसचिवाने कर्मसचिवाची कामे अंगावर घेतली की काय होते तेही अमेरिकेने पाहिले आहे. १९८६ मध्ये उघड झाले की सुरक्षा परिषदेच्या कचेरीतून इराणला शस्त्रे विकली जात होती आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवला जात होता. सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांना जावे लागले. पुढच्या वर्षी या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या टॉवर आयोगाने बजावले की सल्लागाराने मोहिमा चालवू नयेत. त्या आयोगावर ब्रेंट स्कोक्रॉफ्ट होते. ते फोर्ड यांचे सल्लागार होते आणि पुढे १९८९ मध्ये थोरल्या बुश यांचेही झाले. सगळ्या खात्यांचे म्हणणे कमीजास्त न करता राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवणारा, म्हणून आजही त्यांचेच नाव घेतात. उलट टोक म्हणजे दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर : किसिंजर १९७३ ते १९७५ परराष्ट्रमंत्रीही होते आणि सल्लागारही, आणि मे २०२५ मध्ये वॉल्ट्झ गेल्यावर ते काम परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांच्याकडेच दिले गेले. याला धीकर्मसचिव म्हणावे का? व्याकरणाची काही हरकत दिसत नाही.

आणखी एक. भारताच्या संदर्भात ‘राष्ट्रपतींचे सुरक्षा सल्लागार’ असे लिहू नका. १९९८ मध्ये ब्रजेश मिश्र पहिले सल्लागार झाले तेव्हापासून आपल्याकडे हे पद पंतप्रधानांच्या सल्ल्यासाठी आहे. अमेरिकेच्या बाबतीत ‘राष्ट्राध्यक्ष’ किंवा नुसते ‘अध्यक्ष’ लिहा, म्हणजे घोळ टळेल.

हो, एनएसए राहिलेच. त्या तीन अक्षरांचे दावेदार अनेक आहेत : हा सल्लागार, १९५२ पासून जगाचे संदेश चोरून ऐकणारी अमेरिकेची नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, आणि आपला १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे रासुका. बातमीतले क्रियापद पाहा. एनएसए ‘म्हणाले’ असेल तर सल्लागार, एनएसएने ‘फोन ऐकले’ असेल तर एजन्सी, आणि एनएसए ‘लावला’ असेल तर बातमी अमेरिकेची नाहीच.